पोलो टीएसआय वळणात झुकते आणि नाक बाहेर काढते: जाडा स्टॅबिलायझर बार टाकावा का?

वळणदार

गाडी: पोलो जीटी टीएसआय १.२, २०१५ची, ८२ हजार किमी. टायर १८५/६० आर१५, शॉकअप कंपनीचेच. उंची कमी करायची नाही, कारण कोकणात जाणं नेहमीचं आणि गावातले स्पीडब्रेकर सगळ्यांना माहीत आहेत.

तक्रार दोन प्रकारची आहे. ताम्हिणीत किंवा वरंध्यात जरा वेगात वळण घेतलं की गाडी बाहेरच्या बाजूला बरीच झुकते आणि नाक वळणाबाहेर जायला बघतं, स्टीअरिंग आणखी फिरवावं लागतं. दुसरं म्हणजे बारीक खड्ड्यांवरून जाताना पुढून डाव्या बाजूने कटकट आवाज येतो. मोठ्या खड्ड्यात येत नाही.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, पुढचा स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, झुकणं रोखणारा पीळदांडा) २ मिमी जाडा घालू, झुकणं बंद होईल. मागे तर बारच दिसत नाही, नुसता आडवा बीम आहे. मग पुढचा जाडा करायचा की मागे नवीन लावायचा? की दोन्ही? २ मिमीने फरक पडतो का? उन्हाळ्याच्या आत काम उरकायचं आहे.

नटबोल्ट

पुढचा जाडा करू नका. गॅरेजवाला म्हणतो तसं झुकणं कमी होईल हे खरं, पण तुमची खरी तक्रार नाक बाहेर जाण्याची आहे आणि ती वाढेल.

कारण बघा. दोन माणसं धरून गाडी १२५० किलोची, गुरुत्वमध्य रस्त्यापासून अंदाजे ५५ सेंमी वर, दोन चाकांमधलं अंतर १.४६ मीटर. ४० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६०ने घेतलं तर बाजूचा जोर ०.७ जीच्या (गाडीच्या वजनाच्या ७० टक्के) आसपास येतो. तेवढ्यात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन होतं साधारण ३३० किलो. हा आकडा बार कितीही जाडा केला तरी बदलत नाही, तो फक्त वजन, उंची, रुंदी आणि वेगावर ठरतो. बार ठरवतो ते एवढंच, की या ३३०पैकी किती पुढच्या दोन चाकांमध्ये सरकायचं आणि किती मागच्या. ज्या बाजूचा बार कडक, तिथे जास्त.

आता टायरची गंमत अशी की वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या अ‍ॅक्सलवर एक चाक दाबलं गेलं आणि दुसरं हलकं झालं, त्या अ‍ॅक्सलची एकूण पकड घटते. तुमच्या गाडीत इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, स्टीअरिंगही पुढच्याच चाकांना आणि ओढायचं कामही त्यांनाच. त्यांच्यावर आणखी भार सरकवला तर नाक अजून लवकर सुटणार. वर वळणातून बाहेर पडताना आतलं पुढचं चाक हलकं झालेलं असतं, त्यात टीएसआयचा १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आला की ते जागेवर फिरणार.

मागची बाजू कडक केली की उलटं होतं. पुढची जोडी जरा मोकळी होते, नाक आत वळतं आणि आतल्या पुढच्या चाकाला वजन मिळाल्यामुळे ओढही सुधारते. पुढून ओढणाऱ्या गाड्यांना मागचा बार लावतात तो यासाठी.

२ मिमीचा प्रश्न: भरीव बारचा पीळ-विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २०चा २२ केला की ४६ टक्के, २०चा २४ केला की दुप्पट. बारचे हात वाकतात आणि रबर दबतं म्हणून प्रत्यक्ष चाकापाशी एवढं पोहोचत नाही, पण २ मिमी म्हणजे किरकोळ असं समजू नका.

आणि खर्च करण्याआधी: ८२ हजारावर मूळचे शॉकअप आणि बहुधा आवाज करणारी लिंक (बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारी छोटी दांडी) असताना बारचा विचार घाईचा आहे. शॉकअप गळलेला नसला तरी ढिला असू शकतो. बार किती झुकायचं ते ठरवतो, किती वेगाने झुकायचं ते शॉकअप ठरवतो. वळणात शिरताना गाडी धपकन कलत असेल तर दोष तिथे आहे. माझा क्रम असा: टायर, मग लिंक आणि बुश (बार धरून ठेवणारे रबर), मग चारही शॉकअप, अलाइनमेंट. एवढं करून चालवून बघा. तरीही नाक बाहेर जात असेल तर मागचा बार.

फुकटातली चाचणी हवी तर मागच्या टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा २-३ पीएसआय जास्त भरून ओळखीच्या रस्त्यावर कोरड्यात फिरवा. बहुतेक गाड्यांत नाकाचा बाहेर जायचा कल तेवढ्यानेही थोडा कमी जाणवतो. आवडलं तर मागचा बारही आवडेल.

व्हर्नियर

वरचं सगळं मान्य. फक्त "मागे बार नाही" हे अर्धंच खरं. तुम्हाला दिसतो तो आडवा बीमच बारचं काम करतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो नुसता वर-खाली होतो, एकच चाक गेलं की त्याला पीळ बसतो. म्हणून त्याचा छेद पाइपसारखा बंद नसून एका बाजूने उघडा असतो, बंद पाइप पिळला गेला नसता. बाजारात मिळतो तो मागचा बार म्हणजे या बीमला जोड दिलेला दुसरा पीळदांडा. त्याला वेगळी लिंक किंवा बॉल जॉइंट नसतो, दोन्ही टोकं ट्रेलिंग आर्मला (बीमच्या टोकाचा, चाक धरणारा हात) किंवा स्प्रिंगच्या बैठकीला घट्ट आवळायची.

निवडताना:

टोकाच्या पट्टीला प्रत्येक बाजूला किमान दोन बोल्ट हवेत, तेही एकमेकांपासून लांब. एकच बोल्ट असेल तर पट्टी त्याच्याभोवती फिरते, दांडा पिळलाच जात नाही आणि तुम्ही फक्त चार-पाच किलो लोखंड मिरवता. "पोलोला बसतो" म्हणून विकला जाणारा बार बाहेरच्या देशातल्या मॉडेलसाठी असू शकतो. ऑर्डर देण्याआधी बीमची रुंदी, भोकांमधलं अंतर आणि सायलेन्सर पाइप कुठून जातो ते खाली झोपून मोजा आणि विक्रेत्याकडून त्याच मापांचा कागद मागा.

पोकळ बार म्हणजे कच्चा असं नाही. बाहेरून २४ मिमी आणि भिंत ४ मिमी असेल तर भरीव २४च्या ८० टक्के कडकपणा मिळतो आणि वजन ५६ टक्के. मधला भाग पीळ घेण्यात फारसं योगदानच देत नाही.

बीमला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग तर अजिबात नाही. हा भाग आयुष्यभर पिळला जातो. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा पत्रा बदलतो आणि तडा तिथूनच जातो. गॅरेजवाला "एक टाका मारून देतो" म्हणाला तर गाडी उचलून घरी या.

बसवताना: सपाट जागा, पुढच्या चाकांना ठोकळे, गाडी ऑटोमॅटिक म्हणून लिव्हर पीवर (पार्क). मागची दोन्ही चाकं एकदम वर घ्या आणि गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. एकच बाजू उचलली तर बीम आधीच पिळलेला असतो आणि त्या अवस्थेत आवळलेला बार गाडी खाली ठेवल्यावर कायमचा ताणात राहतो. मग सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला किंचित बसलेली दिसते आणि डावीकडचं वळण एक बोलतं, उजवीकडचं दुसरं.

टेकण्याची जागा वायर ब्रशने घासून चिखल आणि सुटा गंज काढा. रंगाचा जाड पापुद्रा बोल्टखाली राहिला तर तो दबतो आणि आवळण सैल पडतं. सगळे बोल्ट आधी हाताने, मग चाकं स्टँडवर किंवा रॅम्पवर टेकवून गाडी नेहमीच्या उंचीला आणा आणि मगच शेवटचं आवळा. ८.८ ग्रेडचा एम१० (१० मिमी जाडीचा बोल्ट) असेल तर कोरड्या आट्यावर ४५ ते ५० न्यूटन-मीटर, एम१२ असेल तर ८० ते ८५. किटसोबत आकडा दिला असेल तर तोच धरा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा काढला की नवा.

नंतर ब्रेकचा होज, एबीएसची वायर, सायलेन्सर आणि स्पेअर चाकाचा खड्डा यांच्यापासून अंतर बघा, चाकं पूर्ण लोंबकळत असताना आणि मागच्या सीटवर तीन माणसं बसवून, दोन्ही वेळा. बोटभर जागा सुटायला हवी. दीडशे-दोनशे किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. मागून "टक" असा एकच आवाज येऊ लागला तर पट्टी सरकतेय. तशीच चालवली तर भोकं लांबट होतात आणि मग कितीही आवळून उपयोग नाही.

जुनी_८००

मध्येच विचारतो. माझ्या जुन्या मारुती ८००ला पुढे जाडा बार टाकता येईल का? इथे मागे तर काहीच नाही.

व्हर्नियर

८००चा बार निराळ्या जातीचा आहे. तो नुसता झुकणं रोखत नाही, त्याचं टोक लोअर आर्ममधून (चाकाला खालून धरणारा हात) आरपार जातं आणि चाक पुढे-मागे कुठे राहायचं तेही तोच पकडून ठेवतो. ब्रेकचा धक्काही तोच झेलतो. जुन्या अल्टोलाही हीच रचना. त्यामुळे वेगळ्या मापाचा किंवा किंचित वेगळ्या वाकाचा बार घातला की कॅस्टर (बाजूने बघता चाक वळण्याच्या अक्षाचा कल) बदलतो आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. टोकाचे बुश, वॉशरची उताणी-पालथी बाजू आणि नट एवढं नीट करा. बहुतेक ८०० तेवढ्याने सरळ होतात.

कॅम्बरराव

नटबोल्ट यांच्या "पुढचा जाडा नकोच" या म्हणण्याला एक पोटकलम जोडायला हवं.

पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) अडचण अशी की गाडी कलली की बाहेरचं पुढचं चाकही तिच्यासोबत बाहेर कलतं, आणि स्ट्रट दबताना कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) फारसा परत मिळत नाही. टायर मग बाहेरच्या काठावर चालतो. तुमच्या पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा आतल्यापेक्षा जास्त झिजलेला असेल आणि हवा बरोबर असेल, तर पकड भार सरकल्याने नाही, चाक कलल्याने जातेय. अशा वेळी झुकणं कमी केलं की पुढची पकड वाढतेही. काही गाड्यांवर पुढचा जाडा बार घालून नाक सुधारलेलं दिसतं ते यामुळे.

पण तेच काम थोडा ऋण कॅम्बर (चाकाचा माथा किंचित आत) देऊन किंवा जरा कडक शॉकअपने स्वस्तात होतं आणि आतलं चाक हलकं होत नाही. शिवाय पोलोचा पुढचा बार सबफ्रेमच्या (इंजिनखालची, लोअर आर्म धरणारी चौकट) वर, इंजिनच्या मागे दडलेला आहे. काढायचा तर सबफ्रेम खाली उतरवावी लागते. तिचे बोल्ट ताण देऊन आवळायचे, म्हणजे ठरावीक टॉर्क आणि वर ठरावीक कोन, आणि ते एकदाच वापरायचे. सबफ्रेम दोन मिमी इकडे-तिकडे बसली तरी डाव्या-उजव्या चाकाचा कॅम्बर वेगळा होतो. उतरवण्याआधी तिच्या कडेने रेघा मारून ठेवतील आणि नवे बोल्ट आणतील असे मिस्त्री थोडेच. म्हणून निष्कर्ष नटबोल्ट यांच्यासारखाच, फक्त कारण वेगळं.

आणखी एक. मागचा बार आणताना सर्वात जाडा उचलू नका. वळणात आतलं मागचं चाक रस्ता सोडू लागलं की मागचा हिशोब संपला, त्यापुढे कितीही कडक केलं तरी सरकवायला वजनच उरत नाही. फक्त खड्ड्यात दणका वाढतो, कारण एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोहोचवणं हाही बारचाच गुण.

वळणदार

सगळ्यांचे आभार. पुढचे टायर बघितले, बाहेरचा खांदा खरंच जास्त झिजलाय. आवाजासाठी डावी लिंक काढायला घेतली, तर नटसोबत मागची दांडीच फिरतेय. आणि लिंक हातात हलवून बघितली तर ढिली वाटत नाही. बुश बदलायचे का? पीयूचे (पॉलियुरेथेनचे) घेऊ का?

नटबोल्ट

एक बाजू जॅकवर घेऊन लिंक हलवली असणार. तेव्हा बार पिळलेला असतो, लिंक ताणात असते आणि खराब जॉइंटही घट्ट भासतो. पुढची दोन्ही चाकं वर घ्या किंवा गाडी गॅरेजच्या तपासणी-खड्ड्यावर चारही चाकांवर उभी करा. मग लिंक बॉल जॉइंटपाशी धरून जोरात हलवा, किंवा एकाने गाडी दाबावी आणि दुसऱ्याने जॉइंटवर बोट ठेवावं. टकटक बोटाला कळते.

दांडी फिरतेय त्यावर: दांडीच्या टोकाला आतून खाच असते, एलन की किंवा बारीक दातांची की बसते. आटे वायर ब्रशने साफ करून, गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. सकाळी टोक कीने धरून नट रिंग पान्याने सोडवा. इम्पॅक्ट गन मारलीत तर दांडी गरागरा फिरते आणि खाच गुळगुळीत होते. खाच गेलीच तर ग्राइंडरने नट कापा, पण ब्रेकचा होज आणि ड्राइव्ह शाफ्टचं रबर आधी ओल्या फडक्याने झाका. लिंक जोडीनेच बदला. दुसऱ्या बाजूचीही चाकं तेवढीच फिरली आहेत. जाता जाता: तुमची लिंक स्ट्रटला जोडलेली आहे, म्हणून चाक जेवढं हलतं जवळपास तेवढंच बारचं टोक हलतं. काही गाड्यांत ती लोअर आर्मच्या मध्यावर असते, तिथे हालचाल ०.६५ पट धरली तर चाकाला कडकपणा फक्त ४२ टक्के पोहोचतो. म्हणून दुसऱ्या गाडीच्या बारचा व्यास आपल्याशी ताडून बघू नये.

बुश: लिंक बदलूनही आवाज राहिला तर बुश. बारचा व्यास बुश बसतो त्या जागी व्हर्नियरने मोजा, गंज घासून काढल्यावर. तिथे खड्डे पडले असतील तर नवा बुश काही महिन्यांत खाल्ला जाईल. रबरी बुशला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगून सुटतं. साबणाचं पाणी पुरे. पीयू बुश रबरापेक्षा कमी दबतात म्हणून बार लवकर काम करू लागतो, पण त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं. आपल्याकडच्या पावसात ते धुऊन जातं आणि गाडी जुन्या दारासारखी कुरकुरते. दरवर्षी क्लॅम्प सोडून ग्रीस भरायची तयारी नसेल तर चांगले रबरीच घ्या.

कॅम्बरराव

खांदा झिजलाय म्हणताय तर नवे टायर घेताना अलाइनमेंटच्या छापील कागदावर पुढचा कॅम्बर आणि टो (वरून बघता चाकं आत वळलेली की बाहेर) दोन्ही बघा. नुसतं "अलाइनमेंट ओके" नको. दोन्ही बाजूंच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर सबफ्रेम सरकलेली आहे किंवा काहीतरी वाकलंय. टायर चारही एकदम घ्या. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे, आणि मागचा बार लावणार असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

व्हर्नियर

बार लावल्यावरची सवय राहिली. वळणात वेग जास्त वाटला म्हणून झटकन अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं आणि मागचं टोक हलकं होतं. मूळ गाडीत त्याने नाक जरासं आत येऊन सगळं शांत व्हायचं. कडक मागच्या गाडीत शेपूट सुटू शकते, आणि ओल्या ताम्हिणीत, कडेला शेवाळ आणि वरून धबधब्याचं पाणी असताना, ती कोरड्यापेक्षा फार कमी वेगात सुटते. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत, मग वळणभर हलका पाय ठेवून. जीटी टीएसआयला ईएसपी (गाडी घसरताना एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आहे, ते चालूच ठेवा, पण ते मूळ गाडीच्या मापाने शिकवलेलं आहे.

बसवल्यावरची पहिली फेरी घाटात नको. मोकळ्या, रुंद, कोरड्या जागी, एकाच वर्तुळात वेग हळूहळू वाढवत, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही. दोन बाजूंना गाडी वेगळी वागली तर बार ताणात बसलाय, पुन्हा सोडून गाडी उंचीला आणून आवळा.

कागदपत्रांचं: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांबद्दल आहे, त्यामुळे आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारा. बार बोल्टने बसणारा आहे, मूळचा कुठलाही भाग कापला जात नाही, हे पत्रात स्पष्ट लिहा आणि बसवतानाचे फोटो जपून ठेवा.

वळणदार

ठरलं. दोन्ही लिंक, चार शॉकअप, चार टायर आणि कागदासकट अलाइनमेंट आधी. मागच्या बारसाठी बीमची मापं घेऊन इथेच टाकतो. सायलेन्सर उजव्या बाजूला बीमच्या बराच जवळून जातो, पोकळ २२चा मावेल का ते बघून सांगा.

व्हर्नियर

मापं टाका. सायलेन्सर गरम असताना हात न लावता, आणि थंड झाल्यावर रबरी हँगरवर हाताने हलवून, असं दोन्ही प्रकारे मोजा. थंड आणि स्थिर असताना १५ मिमी सुटलेलं अंतर खड्ड्यात शिल्लक राहत नाही.